घट बसायच्या आत

पितृपंधरवडा संपत आला की गोदाकाठचा आवाज बदलतो. वर रामकुंडावर सर्वपित्रीच्या तर्पणाची गर्दी, कावळ्याची वाट बघत ताटकळलेली माणसं. आणि जरा खाली उतरलं की धपाधप, धपाधप. गाडगे महाराज पुलाच्या अल्याड-पल्याड पायऱ्या दिसेनाशा होतात, इतक्या गोधड्या, सतरंज्या, चादरी, पडदे. रिक्षा भरभरून धुणं येतं. जावा-जावा दोन टोकांना धरून गोधडी पिळतात, आणि पिळता पिळता घरातली बरीच प्रकरणंही पिळून निघतात. घट बसायच्या आत घरातलं कापड न् कापड पाण्यातून निघालं पाहिजे, हा जुन्या नाशकातला नियम. नदीत साबण सोडू नका म्हणणारे बरोबरच म्हणतात, मलाही पटतं. पण सहापदरी वाकळ एकदा वॉशिंग मशीनमध्ये घालून बघा, मग बोलू.

सणांच्या कथा देशोदेशी वेगळ्या. कुठे राक्षस मरतो, कुठे बाळ जन्मतं, कुठे गुलाम सुटतात, कुठे नुसती चंद्रकोर दिसते. सणाच्या आधीचा आठवडा मात्र सगळीकडे एकच: माळ्यावरचे डबे खाली. माझा तर पक्का संशय आहे, की घरादाराकडून आवराआवर करून घ्यायला कुठल्या तरी शहाण्या बाईनेच सण काढले आणि कथा मागाहून जोडल्या.

इराणात नवरोज येतो मार्चच्या २० किंवा २१ तारखेला, दिवस-रात्र समान होतात तेव्हा. त्याआधी तिथे घर नुसतं झाडत नाहीत, मुळापासून हलवतात. गालिचे धुवून गच्चीवर, भिंतीवर वाळत पडतात. आपल्या गोधड्यांचे श्रीमंत चुलतभाऊच ते. तिकडूनच फार पूर्वी आलेले पारशी आपल्या देवळालीत आहेत. त्यांच्या उंबऱ्यावर पांढऱ्या भुकटीची ठशांची रांगोळी उमटते, तीही आधी उंबरा लख्ख झाल्यावरच.

पण या विषयातले खरे वस्ताद ज्यू. इजिप्तमधून निघताना त्यांच्या पूर्वजांना पीठ फुगेपर्यंत थांबायलाही वेळ नव्हता, म्हणून वल्हांडणाच्या सणात आंबवलेलं काही खायचं नाही. खायचं नाही एवढंच नाही, घरात ठेवायचंही नाही. पावाचा चुरा म्हणाल तर तोही नाही. त्यामुळे सणाआधी कपाटं, फ्रीज, कोटाचे खिसे, पुस्तकांची पानं, सगळं झटकलं जातं. मग आदल्या रात्री घरातले दिवे मालवून मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन शोधमोहीम निघते. आता गंमत बघा. घर इतकं घासलेलं असतं की सापडणार काय? म्हणून आधीच पावाचे दहा तुकडे ठिकठिकाणी लपवून ठेवायची रीत आहे, शोध वाया जाऊ नये म्हणून. मुलं ते हुडकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाळून टाकतात. इतका पुढचा विचार करणाऱ्या लोकांपुढे मी हात जोडते. आमच्याकडे पलंगाखाली मेणबत्ती धरली तर दहा तुकडे न लपवताच मिळतील, वर एक पेनाचं टोपणही.

चीनमध्ये नववर्षाआधी झाडलोट संपलीच पाहिजे, कारण पाडव्याच्या दिवशी केर काढला तर आलेलं नशीब केराबरोबर बाहेर जातं. आपल्याकडे केरसुणीलाच लक्ष्मी करून टाकलं आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, हळदकुंकू वाहायचं, तिला पाय लागला तर नमस्कार करायचा. दोन्हीकडे धाक एकच, की घरात आलेली लक्ष्मी आपल्याच हाताने बाहेर लोटली जाऊ नये. जपानात वर्षाअखेरीस देवळांपासून कचेऱ्यांपर्यंत सगळे फडकी घेऊन उभे राहतात. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला पितरं घरी येतात, तर त्यांच्या कबरी आधी धुऊन-पुसून झेंडूने सजवतात. झेंडू मूळचा तिकडचाच. आपण तो दसऱ्याला इतक्या हक्काने दारावर लावतो की तो परदेशातून आलाय असं त्यालाही आता आठवत नसेल.

नाशिकने मात्र या बाबतीत कडी केली आहे. इथे सणच जमिनीत पुरून ठेवतात. रहाडी म्हणजे पेशवाईपासूनचे म्हणून ओळखले जाणारे दगडी हौद, शनी चौकात, तिवंधा चौकात, दिल्ली दरवाजाजवळ. वर्षभर वरून वाहनं जातात, खाली हौद आहे हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. रंगपंचमी आली की माती उपसायची, फळ्या काढायच्या, हौद घासून धुवायचा, पूजा करायची आणि प्रत्येक रहाडीचा ठरलेला रंग भरायचा. मग दणादण धप्पे, म्हणजे वरून थेट रंगात उड्या. संपलं की पुन्हा फळ्या, पुन्हा माती. या सफाईत मात्र पुरुषमंडळी कंबर कसून उतरलेली दिसतात. चौकातला हौद घासायला जी पोरं पहाटे हजर, त्यांना घरातला पाण्याचा पिंप धुवायला सांगून बघा.

सणाआधी बोहारीण दारात बसते तेव्हाही घरात हेच. जुन्या साड्यांवर एक पातेलं मिळवायला अर्धा तास घासाघीस आम्ही करायची, आणि ‘माझा तो शर्ट कुठे गेला’ हे चार दिवसांनी विचारायला बाकीचे मोकळे.

चिनी स्वयंपाकघरात चुलीजवळ एका देवाचं चित्र असतं. नववर्षाच्या आठवडाभर आधी तो स्वर्गात जाऊन वर्षभर घरात काय काय झालं ते वरिष्ठांना सांगतो, अशी समजूत. त्याने फार बोलू नये किंवा गोडच बोलावं, म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला मध फासतात, चिकट गोड खाऊ घालतात. आमच्या ओट्याशी असा देव असता, तर यंदा त्याने सांगितलं असतं, की बाईने सगळे डबे घासले, जळमटं काढली, पंखे पुसले, आणि साहेबांनी शिडी धरली. एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाईल होता. या देवाला मी मध लावणार नाही, चांगलं सविस्तर बोलू देईन.