सल

दुपारी दोरा तोडायला कात्री हवी होती. शिवणाची कात्री नेहमीप्रमाणे जागेवर नव्हती, म्हणून अडगळीचा खण उपसला, तेव्हा जुन्या फडक्यात गुंडाळलेली झाडांची कात्री हाताला लागली. पात्यांवर चिकाचे काळे डाग वाळून बसले होते, मधली स्प्रिंग गंजली होती आणि मुठीवरचे लाल प्लास्टिक एका बाजूने उकलले होते. दोरा शेवटी दातांनीच तोडला, पण कात्री पुन्हा खणात गेली नाही. तेलाचे दोन थेंब घालून मी ती उगीचच उघडझाप करीत बसलो. बागकामाच्या हत्यारांपैकी हे एकच असे आहे, जे माझ्याकडे पंधरा वर्षे असूनही अजून नवेच म्हणावे लागेल, आणि जे गंजले आहे ते वापरून नव्हे, न वापरून.

बागेतली बाकी कामे मी आवडीने करतो. उन्हाळ्यात आळ्यांमध्ये पालापाचोळ्याचे आच्छादन घालतो, पावसाच्या तोंडावर तीच आळी मोडून पाण्याला वाट करून देतो, थंडी सुरू होताना धणे चपलेखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन-दोन फाका करतो आणि मग पेरतो. शेणखत हाताने कालवायला मला किळस वाटत नाही आणि गोगलगाई वेचायला रात्री विजेरी घेऊन बाहेर पडण्याचा कंटाळाही येत नाही. फक्त छाटणी म्हटले की हात आखडतो. फांदी समोर असते, कात्री तिच्या भोवती उघडलेली असते, आणि नेमके त्याच क्षणी मला आठवते की ही फांदी गेल्या वर्षी केवढीशी होती.

याचे मूळ बहुधा पेरूत आहे. लहानपणी आमच्या परसात एक पेरू होता आणि उन्हाळ्याच्या अखेरीला, पाऊस पडायच्या आधी, बाबा त्याची छाटणी करीत. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. शाळेला सुट्टी असल्यामुळे त्या पेरूवर माझे अख्खे घर होते. एक फांदी बसायची, एक पाय टेकायची, एक वर चढताना धरायची, आणि एक नुसतीच आपली म्हणून. एके दिवशी दुपारची झोप काढून बाहेर आलो तो माझी पाय टेकायची फांदी जमिनीवर पडली होती. बाबा शिडीवर होते आणि त्यांना काही विशेष घडले आहे असे अजिबात वाटत नव्हते. मी रडलो नाही, हे मला नक्की आठवते. मी पडलेल्या फांद्या एकेक करून ओढत कुंपणापाशी नेल्या, मातीत रोवल्या आणि प्रत्येकीला तांब्याने पाणी घातले. दोन दिवस त्या खरोखरच हिरव्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी पाने कडेने गुंडाळू लागली, तेव्हा पाणी कमी पडले असे समजून मी आणखी पाणी घातले.

बाबांनी मला ना हसून घालवले, ना समजूत काढली. त्यांनी मला बोर्डो पेस्ट, म्हणजे छाटलेल्या टोकांना लावायचा बुरशीनाशक लेप, कालवायच्या कामाला लावले. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात एका मडक्यात, 100 ग्रॅम चुना अर्ध्या लिटर पाण्यात दुसऱ्या मडक्यात, आणि मग दोन्ही एकत्र. धातूचे भांडे मात्र चालायचे नाही. मिश्रण झाले की लोखंडी सुरीचे पाते त्यात बुडवून पाहायचे आणि पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालायचा. ही सुरीची परीक्षा माझ्याकडे होती. तो निळा लेप जुन्या ब्रशने छाटलेल्या प्रत्येक टोकाला लावताना मी इतका गंभीर झालो होतो की फांदी गेल्याचे दुःख मागे पडले आणि मी पेरूचा डॉक्टर झालो. बाबांना हेच हवे होते की त्यांना केवळ एक मदतनीस हवा होता, ते मी कधी विचारले नाही. पाऊस सुरू झाल्यावर निळ्या टोकांच्या खाली पानांच्या बगलेतून तांबूस कोंब फुटले, त्या कोवळ्या फुटीवरच फुले आली आणि थंडीत पेरू लागले. पेरूला फळ येते ते नव्या फुटीवर, आणि म्हणून जुने कापल्याशिवाय नवे नाही, हे बाबांनी मला बोट दाखवून सांगितले होते. मला ते तेव्हा कळले होते आणि आजही कळते. हातापर्यंत मात्र ते अजून पोचलेले नाही.

शेंडा हा मोठा हुकूमशहा असतो. तो जागेवर असेपर्यंत खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटण्याची वाट पाहणाऱ्या कोंबांना, सहसा डोके वर काढू देत नाही, आणि हे तो दुरून, स्वतः न हलता करतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या चढवून पाहिल्या होत्या. टोक झाकले की कोंब उजेडाकडे वळायचे विसरून जाई, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. पुढे तो निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचे द्रव्य असल्याचे कळले. 1933 मध्ये थिमान आणि स्कूग या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी घेवड्याच्या जातीच्या एका रोपाचा शेंडा छाटला आणि छाटलेल्या जागी तेच द्रव्य लावून ठेवले. बाजूचे डोळे झोपलेलेच राहिले. रोपाला आपला शेंडा गेल्याचे कळलेच नाही! हा प्रयोग वाचल्यापासून मला त्या दोघांविषयी विशेष जिव्हाळा वाटतो, कारण कुंपणापाशी फांद्या रोवून त्यांना पाणी घालताना मी साधारण हेच करू पाहत होतो.

माझ्या या दयाळूपणाचा पोकळपणा दिसतो तो मात्र छोट्या वनस्पतींपाशी. पुदिना मी निर्घृणपणे कापतो. तुळशीला मंजिरी दिसली की ती बोटांच्या चिमटीत धरून खुडतो, कारण बी धरले की पानांकडचे तिचे लक्ष उडते. कढीपत्त्याचा शेंडा कमरेच्या उंचीला मी स्वतः मोडला आहे, आणि त्यामुळेच तो आज काठीसारखा न वाढता झुडपासारखा भरला आहे. त्याच्या मुळांवरून लांब अंतरावर उगवणारी पिल्ले उपटतानाही माझा जीव कळवळत नाही. यावर मी बराच विचार केला आहे आणि मला वाटते की सगळा दोष क्रियापदांचा आहे. मंजिरी खुडतात, पाने तोडतात, फुले वेचतात, शेंगा ओरबाडतात, पिल्ले उपटतात. बोटांनी केले की ते कौतुकाचे काम ठरते. कापणे आले की मध्ये लोखंड येते, आणि लोखंड आले की मी सहा वर्षांचा होतो. गवती चहा तेवढा याला अपवाद आहे. त्याला विळ्यानेच कापावे लागते, पण त्याची पाती उलट कापणाऱ्याचाच हात कापत असल्यामुळे तो सामना बरोबरीचा वाटतो.

कोथिंबिरीने तर ही कापाकापी अगदीच निरर्थक ठरवली आहे. थंडीत ती खुडावी तितकी फुटते. एकदा उन्हे तापू लागली आणि दिवस लांबला, की तिची रुंद पाने एकाएकी शेपूसारखी बारीक होतात, मधून दांडा वर येतो आणि मग तुम्ही तो शंभरदा खुडलात तरी तिचे ठरलेले असते. दरवर्षी मी दोन-तीन दांडे खुडून पाहतो आणि मग सोडून देतो. धणे तरी होतात.

मोठ्या झाडांच्या बाबतीत सोडून देण्यासाठी मला सगळे ऋतू कारणे पुरवतात. पावसाळ्यात कापू नये, कारण ओल्या जखमेत बुरशी शिरते. उन्हाळ्यात कापू नये, कारण आतली कोवळी साल एकदम उघडी पडून उन्हाने भाजते. हिवाळ्यात आंब्याला हात लावू नये, कारण त्याचा मोहोर जून फांद्यांच्या शेंड्यांवरच येतो, आणि तेव्हा पेरूवर तर फळच असते. ही तिन्ही कारणे खरी आहेत, आणि म्हणूनच ती फार उपयोगी पडतात. फळे उतरल्यावर काही दिवसांची एक योग्य वेळ येते, हेही मला माहीत आहे. त्या दिवसांत मी म्हणतो की झाड नुकतेच दमले आहे, त्याला जरा विसावा द्यावा.

ताईला माझी ही कारणे तोंडपाठ आहेत. ती वर्षातून एकदा येते, पदर खोचते आणि हात पुढे करून कात्री मागते. तिने कापलेल्या लिंबाला पुढच्या बहरात मोजता येऊ नयेत इतकी फुले लागतात. एकदा मी महिनाभर घरी नव्हतो, तेव्हा तिने लिंबाचे पाणीही तोडले होते. याला बागाईतदार ताण देणे म्हणतात. पाणी थांबले की झाड पिवळे पडते, पाने गाळते आणि वाढ आवरती घेते, आणि मग पुन्हा पाणी मिळाले की फुटवा आणि फुले एकदमच बाहेर येतात. मी परत आलो तेव्हा अर्ध्या पानांचा लिंबू पाहून मला धक्का बसला. मी झारी उचललेली पाहून ताई म्हणाली, “अरे, झाड आहे ते, नातेवाईक नाही. आणखी आठ दिवस थांब.” मी चार दिवस थांबलो.

मोसंबीच्या वेळी मात्र ताई आली नव्हती. ते कलम मी पावसाच्या सुरुवातीला लावले. डोळा भरलेले होते, म्हणजे मुळे एका झाडाची आणि वरचा संसार दुसऱ्याचा. मोसंबीसाठी खाली बहुधा जंबेरीचा खुंट असतो, कारण तो चिवट असतो, त्याची मुळे जोमाने पसरतात आणि पाण्याची ओढ तो सहन करतो. डोळा भरलेल्या जागेच्या खाली फुटणारे काहीही तत्काळ काढायचे असते, आणि हे मला न सांगता ठाऊक होते. दुसऱ्या वर्षी बुंध्यातून एक सरळ, जाड, काटेरी फूट वर आली. तिची पाने टवटवीत होती, वरच्या मोसंबीची मात्र मलूल. मी खाली वाकून पाहिलेही, पण जोडाची जागा मातीने झाकली होती, आणि ती माती बोटाने बाजूला करायला लागला असता जेवढा वेळ, तेवढाच वेळ मी उभा राहून स्वतःला सांगितले की ही फूट जोडाच्या वरूनच आली असेल. पाणसोट, म्हणजे नुसतीच सरळ वाढणारी बिनफळाची फूट, असेल तर असू दे, इतकी जोमदार फांदी कापायची कशाला? झाड स्वतःला सावरत आहे असे मी घरात सांगितल्याचेही आठवते.

ती फांदी तिसऱ्या वर्षी माझ्या खांद्याला लागली, चौथ्या वर्षी डोक्यावर गेली. मोसंबीचा भाग तिच्या सावलीत आधी आखडला आणि मग एका उन्हाळ्यात वाळून गेला. सहाव्या वर्षी कळ्या आल्या, आणि त्यांच्यावर बाहेरून जांभळी झाक होती. मोसंबीचे फूल पांढरे असते. तरीही मी फळाची वाट पाहिली. फळे आली ती पिवळी, खडबडीत सालीची, बियांनी भरलेली आणि आंबट. तेव्हा कुठे खुरपे घेऊन बुंध्याची माती उकरली. जोडाची खूण वीतभर उंचीवर स्पष्ट दिसत होती आणि माझे सगळे झाड तिच्या खालून निघालेले होते. वर, बाजूला कललेला, अंगठ्याएवढा एक वाळका खोडका शिल्लक होता. विकत आणलेले झाड तेवढेच.

झाडाला मी अजून मोसंबीच म्हणतो. घरातल्यांनाही तीच सवय झाली आहे, त्यामुळे “मोसंबीला पाणी घातलेस का” असे विचारले की जंबेरीला पाणी मिळते. झाड चांगले वाढले आहे. त्याच्या पानांवर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, आणि पुढे हिरव्या होऊन कोवळ्या फुटीचे शेंडे फस्त करतात. त्यांना ऋतूंची कारणे सुचत नाहीत. गंमत म्हणजे त्यांनी खाल्लेल्या शेंड्यांच्या खालून झाड भरपूर फुटते आणि दाट होते, म्हणजे माझ्या बागेतली छाटणी सध्या त्याच करीत आहेत.

बागाईतदार झाडावरच्या वाळलेल्या फांदीला सल म्हणतात आणि ती काढण्याला सल काढणे. लिंबूवर्गीय झाडांची सल दरवर्षी काढावी लागते, नाहीतर मर खाली उतरत जाते. आज तेल घातलेली कात्री घेऊन मी त्या खोडक्यापाशी गेलो होतो. हे तर मेलेले लाकूड आहे, त्यात ना चीक, ना डोळा, ना कुणाची पाय टेकायची जागा. बराच वेळ उभा राहिलो. खोडका अंगठ्याएवढा जाड आहे, आणि इतके जाड, वाळके लाकूड कात्रीने कापायला गेले तर पाते निसटते. त्याला करवत लागते. करवत ताईकडे आहे.