तुम्ही विचारलंत म्हणून: खुणा जुळल्या, तरी चाक तिरकं का?

मोटरसायकलची चेन टाइट केली की हा प्रश्न ठरलेला. "स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे सारख्या ठेवल्या, तरी चेन स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चक्राला) एकाच बाजूने का घासते?"

खुणांवर माझा फारसा भरवसा नाही. ॲडजस्टर, म्हणजे चाक मागेपुढे सरकवायचा दोन्हीकडचा भाग, त्यांच्यावर सैलसर बसतो, आणि आपण मान कुठून वाकवतो त्यावर रेघ मिलिमीटरभर सरकलेली दिसते. एवढ्याने काय बिघडतंय, असं वाटतं. हिशोब करून बघा. दोन ॲडजस्टरमध्ये समजा 200 मिमी अंतर आहे. एक बाजू 2 मिमी मागे राहिली, तर चाक शंभराला एक या प्रमाणात वळलं. पल्सर 220 च्या दोन चाकांत 1350 मिमी अंतर आहे. म्हणजे मागच्या चाकाची रेषा पुढच्या चाकापाशी पोचेपर्यंत 13 मिमीहून जास्त भरकटते.

म्हणून मी दोरा लावतो, गवंडी भिंत धरताना लावतो तसा. गाडी उभी, हँडल सरळ. दोरा मागच्या टायरला मागून वेढून दोन्ही अंगांनी पुढे न्यायचा, स्टँडला अडणार नाही अशा उंचीवरून, आणि मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल इतकाच आत घ्यायचा. पल्सरचा मागचा टायर 120 मिमी रुंद, पुढचा 90 मिमी. तेव्हा पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सुमारे 15 मिमी फट दिसली पाहिजे. वरचा 2 मिमीचा फरक असेल, तर एकीकडची फट जवळजवळ मिटते आणि दुसरीकडची दुपटीच्या घरात जाते. लेझरचं यंत्रही मिळतं, चांगलं असतं. घरच्या कामाला मला त्याची गरज वाटत नाही.

खरी गंमत एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट आवळताना होते. एक्सल हळूच सरकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यासाठी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये वरून चिंधीची घडी धरून चाक हाताने थोडं उलटं फिरवा. चेन ताणते, एक्सल ॲडजस्टरला घट्ट टेकतो. मग नट आवळा. इंजिन बंदच हवं. चालू इंजिनवर चेनशी खेळणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत.

आता दोरा बरोबर आहे, पण स्प्रॉकेटचे दात तरी एकाच अंगाला चकाकतायत? मग ॲडजस्टरला हात लावू नका. पंक्चर काढताना स्पेसरची (चाकाच्या दोन्ही बाजूंना अंतर राखणाऱ्या नळ्यांची) अदलाबदल झाली का, स्प्रॉकेटकडचं बेअरिंग ढिलं झालंय का, ते बघा. अपघातातली गाडी असेल तर चेसिस तपासून घ्या.

आणि मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकलं की ब्रेकची रॉड ताणते. तिचा नट थोडा सोडा, नाहीतर ब्रेक घासत राहतो आणि बोल पुन्हा चेनला बसतो.