जळल्या डोंगरावरची मुसळी

जळल्या डोंगरावरच्या फुलांचे माझे फोटो दाखवले की एक प्रश्न ठरलेला असतो: "वणव्यानंतर इतकी सुंदर फुलं येतात, म्हणजे वणवा डोंगराला चांगलाच ना?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्यातला मुसळीचा फोटो पुणे जिल्ह्यात वेल्ह्याकडच्या एका डोंगरावरचा. मार्चमध्ये अख्खा उतार जळला होता. मे सरता सरता वळवाच्या दोन सरी झाल्या आणि आठवड्यानं मी तिथं गेले. काळ्याभोर जमिनीवर जागोजागी पिवळे ठिपके. काळी मुसळी! फूल रुपयाच्या नाण्याएवढं, सहा पाकळ्यांचं, जमिनीला जवळजवळ टेकलेलं. त्याचा फोटो काढायचा तर पालथं पडावं लागतं, हनुवटी राखेत. तेवढ्या जवळून पाकळ्यांच्या पाठीवरची लव दिसली आणि त्या लवेत अडकलेले कोळशाचे कण. ते मी फुंकले नाहीत, त्यांच्यासकटच फोटो काढला.   

तिथं गुरं घेऊन आलेल्या एका मामांना विचारलं, "मामा, एवढ्या आगीतनं ही वाचली कशी?"

"जळायला ती वर होती कुठं, ताई? कंद वीतभर खाली."

गवताची आग झरझर पुढं सरकते, चार बोटं खालची माती फारशी तापत नाही. मुसळी, रानहळद, रानकांदा, कळलावी, फोडशी ही सगळी कंदवाली त्या दिवसांत मातीत गपगार असतात. रानकांदा तर भर उन्हाळ्यात, पान नसताना, नुसता दांडा वर काढून फुलतो. पुढच्या वर्षी मी मुद्दाम न जळलेल्या उतारावर गेले. वाळकं गवत हातानं बाजूला केलं, तर तिथंही मुसळी तितकीच फुललेली. वणव्यानं केलं ते एवढंच की वरचं गवत नेलं आणि मला ती लांबून दिसली.

आगीची वाट पाहणारी फुलं जगात आहेत, नाही असं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात फायर लिली वणव्यानंतर थोड्याच दिवसांत राखेतून लालभडक वर येते. धुरातल्या ज्या रसायनानं काही झाडांच्या बिया रुजतात, ते ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ओळखलं. पण तिथल्या रानात दोन आगींच्या मधे कित्येक वर्षं जातात. आपल्याकडे तेच डोंगर वर्षामागून वर्ष पेटतात आणि बहुतेक वेळा पेटवतो माणूसच. कुणी गवत चांगलं येईल म्हणून, कुणी विडी टाकून. पुन्हा पुन्हा जळलेल्या उतारावर माजतं ते कुसळी गवत. कुसळं धरली की गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

आणि कारवी, आपल्या डोंगरांवरचं झुडूप. सात वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते, मरते. त्या बियांची रोपं पहिल्या उन्हाळ्यात बोटभर असतात, खाली कंद नाही की काही नाही. त्याच डोंगराच्या खांद्यावर, दाट कारवीच्या जागी, अशी रोपं मी पावसाळ्यात पाहिली होती, मोजता येणार नाहीत इतकी. वणव्यानंतर तिथंही पालथी पडले, बराच वेळ शोधलं. एकही सापडलं नाही. टिटवी मात्र डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. तिची अंडी कुठं असतील, ते शोधायचं धाडस झालं नाही.

मुसळीच्या फोटोशेजारी आता मी त्या मोकळ्या खांद्याचाही फोटो लावते. यंदा डिसेंबरात गावातली पोरं तिथं जाळरेषा काढणार आहेत, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, वणव्याचे दिवस यायच्या आत. मी जाणार आहे. तुम्हीही या. कोयता तिथं मिळेल, पाणी मात्र भरपूर आणा, वर टिपूसभर नाही.