आमची वाटचाल: तलंग कोणती, कोंबडा कोणता

आमचा व्यवसाय छोटा आहे. ताई आणि मी, दोन मदतनीस, एक उबवणी यंत्र, पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर आणि मागे वाढत्या पक्ष्यांची शेड. मोठ्या फार्मना लागणारा माल आम्ही केला नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी माणसं. त्यांना घरची अंडी हवी असतात आणि कोंबडा नको असतो, कारण शेजार भिंतीला भिंत लावून आणि जागा बेताची.

सुरुवातीला आम्ही एक दिवसाची पिल्लं विकायचो. जशी निघतील तशी, आणि तसं स्पष्ट सांगूनच. उबवणीतून साधारण निम्मे नर आणि निम्म्या माद्या निघतात. पण हा हिशेब शेकड्यांत जुळतो, सहा पिल्लांत नाही. सहातले चार नर निघणं अगदी सहज घडतं. घरच्यांना पिल्लांचा लळा लागलेला असतो, नावं ठेवून झालेली असतात, आणि मग एका पहाटे त्यातलं एक गळा काढतं. त्या घरांतून येणारे फोन भांडणाचे नसायचे. "आता याचं काय करायचं?" एवढाच प्रश्न असायचा. त्यावर आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, म्हणून ताईने ठरवलं की पिल्लू दाराबाहेर जाण्याआधीच नर-मादी ओळखून द्यायची. आमच्या धंद्याला आज जो आकार आहे तो या एका निर्णयामुळे.

एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखण्याची जगप्रसिद्ध रीत जपानची. कियोशी मासुई आणि जुरो हाशिमोतो या संशोधकांनी 1920 च्या दशकात ती शास्त्रीय पायावर आणली. पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या बारीकशा उंचवट्यावरून नर-मादी ठरवतात. तयार हाताचा माणूस तासाला हजाराच्या घरात पिल्लं निवडतो. पण त्यासाठी दीर्घ प्रशिक्षण लागतं, काही माद्यांतही उंचवटा दिसतो, आणि अननुभवी बोटांनी दाबलं तर कोवळ्या पिल्लाला इजा होते. आम्ही ती रीत वापरत नाही आणि घरी कुणी करू नये असं सांगतो.

आम्ही दुसरी वाट धरली: पिल्लं वाढवायची आणि खात्री पटल्यावरच द्यायची. त्यात दाणा जास्त लागतो, जागा अडते, पैसा उशिरा हाती येतो. पण याच काळात नजर तयार होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिल्या खुणा दिसू लागतात. जड जातींत माद्यांना पाठीवर आणि शेपटीला पिसं लवकर भरतात. नर बरेच दिवस खांद्यापाशी उघडेबोडके राहतात, शेपूट आखूड. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा बोलू लागतो. नराचा तुरा रुंद, जाड आणि गुलाबी-लाल होतो, चोचीखालचे कल्ले दिसू लागतात; मादीचा अजून फिकट पिवळसर. नराचे पायही जाडजूड असतात. मात्र तुऱ्याची तुलना एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिल्लांतच करायची. लेगहॉर्नसारख्या मोठ्या तुऱ्याच्या जातीची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, शेजारच्या जड जातीच्या नरापेक्षा लालबुंद दिसू शकते. आणि चार-साडेचार महिन्यांची तलंग अंड्यावर यायला लागली की तिचाही तुरा लाल होतोच, म्हणून त्या वयात नुसता लाल तुरा पाहून घाबरायचं कारण नाही.

वागणुकीवर आमचा फारसा भरवसा नाही. छाती पुढे काढून चालणारं, दुसऱ्यांवर धावून जाणारं पिल्लू नरच असेल असं नाही; धीट तलंगाही तशाच वागतात. उलट, कळपात एक दांडगा नर असला की बाकीचे नर दबून राहतात, आरवतही नाहीत. त्याला वेगळं केलं की थोड्याच दिवसांत दुसरा कुणीतरी डोकं वर काढतो. परसातल्या छोट्या कळपात फसगत होते ती बहुधा इथेच.

आमची शेवटची कसोटी शेपटीच्या अलीकडची पिसं. वय साधारण बारा आठवड्यांचं झालं की आम्ही एकेक पक्षी उजेडात घेतो. पंख अंगाशी धरून त्याला काखेत घ्यायचं, तोंड मागे, शेपूट पुढे. मग कमरेवरची वरची पिसं बोटाने हलकेच बाजूला करायची आणि खालून नवीन फुटणारी पाहायची. तलंगेचं पीस टोकाला गोल असतं. नराचं नवं पीस अरुंद, लांबट, टोकाला निमुळतं आणि बाकीच्या अंगापेक्षा जास्त चकचकीत. अशी दोन-चार पिसं शेपटीच्या दोन्ही अंगांना लोंबताना दिसली की विषय संपला. मानेवरच्या पिसांतही हाच फरक पडतो, पण कमरेवर तो जास्त स्वच्छ दिसतो. ताई तर वरचं पीस न हलवता, नुसत्या हाताच्या स्पर्शाने बहुतेक वेळा सांगते; तरीही नोंद उजेडात पाहिल्यावरच होते.

हा नियमही सगळीकडे लागू होत नाही. सेब्राइट जातीच्या कोंबड्यांत नराची पिसंही मादीसारखी गोल टोकाची असतात. सिल्कीचा पिसारा केसाळ, त्यात टोकं पाहणं कठीण. तिथे डोक्यावरचा झुबका आणि तुऱ्याची वाढ पाहत थांबावं लागतं, कधी थेट आरवण्यापर्यंत. अशा जातींच्या पक्ष्याला आम्ही 'अजून ठरलेलं नाही' असाच बिल्ला लावतो. काही गिऱ्हाइकं त्यावर नाराज होतात, पण अंदाजाला खात्री म्हणून विकायचं आम्हाला मान्य नाही.

पुढे आम्ही संकराकडे वळलो आणि कामाला वेग आला. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी पिल्लाला तिचं एकमेव झेड बापाकडून मिळतं. रंगाचे काही जनुक या झेडवर बसतात, म्हणून जोडी नीट निवडली तर माद्या बापाच्या रंगावर जातात आणि नर वेगळे उठून दिसतात. ऱ्होड आयलंड रेड नर आणि पट्टेदार प्लायमाऊथ रॉक मादी ही आमची मुख्य जोडी. पिल्लं सगळी काळी, पण नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका, मादीच्या नाही. अंड्यातून निघून अंग सुकलं की निवड करता येते. जोडी उलटी लावली तर हा फरक मिळत नाही, आणि या संकराची पिल्लं आपसात वाढवली तर पुढच्या पिढीत खूण टिकत नाही. हे आम्ही प्रत्येक खोक्यावर लिहितो, कारण पुढच्या वर्षी घरच्याच अंड्यांवर कोंबडी बसवून ठिपके शोधणारी माणसं खूप भेटतात. पिढ्यान्पिढ्या खूण टिकवणाऱ्या जाती वेगळ्या. आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी 1929 च्या सुमारास केंब्रिजला तयार केलेली कॅम्बार ही त्यातली पहिली.

अंडं टोकदार असेल तर नर, गोल असेल तर मादी; दोऱ्याला अंगठी बांधून ती कशी फिरते ते पाहा; पिल्लू मानेला धरून उचललं की पाय कसे ठेवतं ते बघा. हे सगळं आम्हाला आठवड्यातून कुणीतरी सांगतं. यातल्या कशानेही लिंग कळत नाही. ते अंडं घालण्याआधीच ठरलेलं असतं, उबवणीचं तापमान बदलूनही बदलत नाही.

नरांचा प्रश्न यातून सुटत नाही, तो आमच्याकडे येतो, एवढंच. म्हणून शेडचा एक भाग फक्त त्यांच्यासाठी ठेवला आहे. ज्यांच्याकडे मोकळी जागा आणि आठ-दहा कोंबड्यांचा कळप आहे, त्यांना जोमदार नर हवाच असतो, आणि आता अशा लोकांची आमच्याकडे वेगळी यादी आहे. बाहेरून घेतलेल्या पक्ष्यांबद्दल शंका असेल तर फोटो पाठवा. तुऱ्याचा एक, दोन्ही पायांचा एक, आणि कमरेवरच्या पिसांचा जवळून एक. सोबत जात आणि वय आठवड्यांत लिहा. वय लिहिलं नसेल तर आम्ही उत्तराआधी तेच विचारतो.