ॲरिझोनाच्या वाळवंटात पाच एकर घेतले, माझा अनुभव

मी मूळचा आटपाडीकडचा, आता सतरा वर्षं झाली फिनिक्सजवळ चँडलरला राहतोय. रिटायर झाल्यावर थोडी मोकळी जमीन असावी, चार झाडं लावावीत हे डोक्यात कधीपासूनच होतं. पहिला विचार अर्थातच गावाकडचा, पण मी आता ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस, आणि एनआरआय किंवा ओसीआय माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आली तर गोष्ट वेगळी. तो रस्ता बंद झाल्यावर २०२२ पासून इथंच शोधायला लागलो आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनाच्याच आग्नेय कोपऱ्यातल्या कोचीस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पाच एकर घेतले. मधे दोन वर्षं का गेली ते लिहून ठेवतोय, कारण हल्ली ओळखीतले बरेच जण फोन करून विचारतात आणि प्रत्येकाला सांगताना काहीतरी राहूनच जातं.

पहिला तुकडा मी जवळजवळ घेतलाच होता. उत्तर ॲरिझोनातला, ऑनलाइन जाहिरात बघून, सुरुवातीला थोडे पैसे भरा, मग महिन्याला दीडशे डॉलर हप्ता, क्रेडिट चेक नाही, फोटोत निळं आभाळ आणि लांबवर डोंगर. करार नीट वाचला तर हप्ते फिटेपर्यंत जमीन विकणाऱ्याच्याच नावावर राहणार होती, आणि फिटल्यावर मिळणार होतं ते क्विटक्लेम डीड, म्हणजे "यात माझा जो काही हक्क असेल तो तुला दिला", आता हक्क आहे की नाही याची हमी कोणीच देत नाही. आमच्याकडं जमीन घ्यायची म्हणलं की आधी सातबारा आणि गटाचा नकाशा काढतात, त्याच सवयीनं मी पार्सल नंबर, म्हणजे तुकड्याचा गट नंबर, घेऊन काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे जमिनींची करआकारणी करणाऱ्या कचेरीच्या, नकाशावर टाकला. चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनी आणि जायला रस्ताच नाही! सॅटेलाइट फोटोत एक मळलेली वाट दिसत होती, पण ती शेजाऱ्याच्या जमिनीतून, आणि वहिवाटीचा हक्क, ज्याला इथं ईझमेंट म्हणतात, त्याची रेकॉर्डरकडं, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या कचेरीत, कुठंच नोंद नाही. गाडी जाऊ शकते आणि जायचा हक्क आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. १९६०-७० च्या दशकात अशा कागदावरच्या वसाहती या भागात ढिगानं पाडल्या गेल्या, जमीन डोळ्यांनी न बघितलेल्या लोकांना त्या विकल्या, आणि फसवणूक इतकी वाढली की १९६८ मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यातलेच तुकडे आजही हातोहात फिरतायत.

हे सगळं अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. ते म्हणले, "जमिनीचं नंतर सांग, पाणी किती फुटावर आहे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुष्काळी भागात जन्म गेलेल्या माणसानं एका वाक्यात माझा सगळा शोध उलटा केला, आणि तिथून पुढं मी आधी पाणी बघायचं आणि मग जमीन असं ठरवलं.

ॲरिझोनात एक चांगली सोय आहे, राज्याच्या जलसंपदा खात्याकडं विहिरींची नोंद असते आणि ती ऑनलाइन नकाशावर कोणालाही बघता येते. बहुतेक बोअरचा नोंदणी नंबर ५५ नं सुरू होतो, त्यावर क्लिक केलं की किती खोल गेले, कितव्या वर्षी, पाणी कुठं लागलं, ते ड्रिल करणाऱ्यानं लिहून दिलेलं सापडतं. मी रात्री जेवण झाल्यावर बसून कोचीस काउंटीतल्या सल्फर स्प्रिंग्ज व्हॅली या खोऱ्यातल्या विहिरी एकेक करून वहीत उतरवल्या. विलकॉक्स, सनसाइट्स, पीअर्स हा पट्टा, चँडलरहून गाडीनं तीन तासांच्या आसपास. उंची चार हजार फूट, त्यामुळं फिनिक्ससारखी भट्टी नाही, मेस्किटची झाडं भरपूर, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचीच भावकी, मला तर बघूनच गावाकडं आल्यासारखं वाटलं. पण वहीतले आकडे चांगले नव्हते. जुन्या विहिरीशेजारीच नवीन, दुप्पट खोल बोअर पाडलेली जागोजागी दिसत होती. खोऱ्याच्या मध्यभागी मोठ्या डेअऱ्या आणि पिस्ता-पेकानच्या बागा आहेत, त्यांचे पंप खोलवरून उपसा करतात आणि साध्या घरांच्या विहिरी कोरड्या पडतात. उपसा इतका की जमीन खचून काही ठिकाणी लांबच लांब भेगा पडल्यात, त्यांचे नकाशे ॲरिझोना जिऑलॉजिकल सर्व्हेनं काढलेत, तेही जमीन घ्यायच्या आधी बघावेतच.

आणि टँकरनं पाणी आणू असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी रिओ व्हर्डे फुटहिल्सचं आठवावं. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेल शहरानं त्या वस्तीला जाणाऱ्या टँकरचं पाणी बंद केलं, चांगली मोठी घरं असलेली माणसं ताटं-वाट्या कागदाच्या वापरायला लागली. आमच्यापासून तासाभरावर घडलं हे. म्हातारपणी टँकरवर अवलंबून राहायचं नाही हे हिनं आणि मी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

असं करत करत सापडली ती खोऱ्याच्या कडेची, डोंगराच्या बाजूची पाच एकर. इथं चार घरांमध्ये मिळून एक विहीर आहे आणि त्याचा करार काउंटी रेकॉर्डरकडं नोंदवलेला आहे, कोणाचा हिस्सा किती, पंप जळला तर खर्च कसा वाटायचा सगळं त्यात आहे. तोंडी सांगितलं असतं तर मी घेतली नसती. पाचच एकर का, तर कोचीस काउंटीत चार एकर किंवा जास्त ग्रामीण जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला इमारतीच्या बऱ्याच तपासण्यांमधून सूट घेता येते, त्याखाली जमीन असेल तर नाही. सेप्टिकची, म्हणजे घरचं सांडपाणी जमिनीत मुरवायच्या टाकीची, परवानगी मात्र सूट घेतली तरी लागतेच.

ऑफर देताना मी तपासणीला ३० दिवस मागून घेतले. ॲरिझोनात ग्रामीण भागातली पाच किंवा कमी पार्सल विकणाऱ्याला एक ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, रस्ता, पाणी, पूर, सेप्टिक याबद्दल खरं काय ते त्यात लिहायचं असतं, आणि ते हातात आल्यावर पाच दिवसांत आपण व्यवहार रद्द करू शकतो. हे मागून घ्याच, मला ते दोनदा मागावं लागलं. टायटल कंपनीच्या, म्हणजे जमिनीची मालकी तपासून देणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टमध्ये कळलं की जमिनीखालच्या खनिजांचा हक्क सरकारनं १९१६ च्या होमस्टेड कायद्याखाली स्वतःकडं राखून ठेवलाय, या भागात हे बऱ्याच जमिनींना असतं, घाबरून सोडायचं कारण नाही पण माहिती हवं. सेप्टिकसाठी माती तपासायला खड्डे घेतले तर पहिल्या ठिकाणी तीन फुटांवर कॅलिची लागली, आपल्या मुरमाखालच्या कातळासारखी कठीण पांढरी थर असते ती, पाणी मुरतच नाही. दुसऱ्या ठिकाणी जमलं, म्हणून घराची जागाच बदलली.

जागा बघायला मुद्दाम जुलैच्या शेवटी गेलो, मॉन्सून असताना (हो, इथंही मॉन्सूनच म्हणतात). एप्रिलमध्ये जो कोरडा वाळूचा पट्टा दिसला होता तिथून गुडघाभर पाणी धावत होतं आणि आम्ही पलीकडं दीड तास अडकलो. हिनं तिथंच विचारलं, सत्तरीत तुझ्या छातीत दुखलं तर अँब्युलन्स कुठून येणार? बरोबरच होतं तिचं. विलकॉक्सला छोटं हॉस्पिटल आहे, मोठ्या उपचारांना टूसॉन गाठावं लागतं. त्या ओढ्याला लागून असलेला स्वस्त तुकडा आम्ही सोडला आणि ज्याचा रस्ता काउंटी सांभाळते तोच घेतला, एकरी भाव जास्त पडला तरी.

पैशाचं म्हणाल तर रिकाम्या जमिनीला बँका सहसा कर्ज देत नाहीत, आम्ही रोख घेतली. रिटायरमेंटच्या खात्याला हात लावला नाही आणि कोणी लावूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाडं येत नाही, विकायला काढली तर दोन-दोन वर्षं गिऱ्हाईक मिळत नाही, आणि टॅक्स मात्र दरवर्षी ऑक्टोबर आणि मार्चला दोन हप्त्यांत भरायचाच. तिथं राहायचं असेल तरच घ्या.

जानेवारी २०२५ पासून विलकॉक्स खोऱ्यात राज्यानं भूजलावर नियंत्रण आणलंय, २०२२ च्या मतदानात लोकांनी नाकारलं होतं तरी. नवीन शेती पाण्याखाली आणता येत नाही, पण घरच्या छोट्या विहिरी आणि दोन एकरांच्या आतली परसबाग चालते, त्यामुळं आमच्या डाळिंबांना अडचण नाही. मला हा निर्णय मनापासून पटला, उशिरा झाला एवढंच.

विहिरीचं पाणी आम्ही चौघं शेजारी आता वर्षातून दोनदा मोजतो. या मार्चमध्ये मागच्यापेक्षा दोन फूट खाली होतं. आकडा वहीत लिहिला आणि तिथूनच अण्णांना फोन लावला. "पंप किती फुटावर सोडलाय?" असं त्यांनी विचारलं, यावेळी मला सांगता आलं.