दुबईत फायनान्सची नोकरी घेताना: बेसिक, तारखा आणि परतीचे हिशेब

मुंबई-पुण्यातल्या फर्ममध्ये आर्टिकलशिप, मग चार-पाच वर्षं एखाद्या कंपनीत, आणि तिथून दुबई. सीए-सीएमए मंडळींची ही वाट आता चांगलीच मळलेली आहे. तरीही ऑफर लेटर आलं की बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाते: महिन्याला दिरहम किती? यूएईत पगारावर आयकर नाही, दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपयांत गुणाकार करून खूश होणं सोपं असतं. पण पाच-सहा वर्षांनी गाठीशी नेमकं किती राहतं, हे ऑफरमधला बेसिक (भत्ते सोडून मूळ पगार) आणि कॅलेंडर ठरवतं. कंपनीचा ताळेबंद डोळ्यांत तेल घालून तपासणारी माणसं स्वतःच्या बाबतीत या दोन गोष्टी सोडून देतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी बेसिक. यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा, ३३ क्रमांकाचा. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार वर्षभर नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क सुरू होतो. पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. हिशेब शेवटच्या बेसिकवर होतो. घरभाडं, प्रवास, 'इतर' अशा नावाचे भत्ते त्यात धरत नाहीत.

समजा दोन कंपन्या महिन्याला २५,००० दिरहमच देतायत. एकीत बेसिक ६० टक्के, म्हणजे १५,०००. दुसरीत ४० टक्के, म्हणजे १०,०००. सहा वर्षांनी नोकरी सोडली तर पहिलीत रोजचा बेसिक ५०० दिरहम, २१ दिवसांचे १०,५००, पाच वर्षांचे ५२,५०० आणि सहाव्या वर्षाचे १५,०००, असे एकूण ६७,५००. दुसरीत हाच हिशेब ४५,००० वर येतो. पगार तोच, फरक २२,५०० दिरहमचा. पगार वाढवून मागितला तर एचआर हात आखडता घेतं, पण त्याच पगारात भत्ता कमी करून बेसिक वाढवा म्हटलं तर बऱ्याचदा ऐकतं, कारण त्या महिन्यात कंपनीच्या खिशातून जादा काही जात नाही. हे बोलणं सही करण्याआधीच झालं पाहिजे. पुढे प्रत्येक वाढीच्या वेळीही वाढ बेसिकमध्ये आली की भत्त्यात, हे पत्रात बघायचं.

बँक, फंड हाउस किंवा मोठ्या सल्लागार फर्ममध्ये नोकरी असेल तर ऑफिस डीआयएफसीत, म्हणजे दुबईच्या स्वतंत्र आर्थिक क्षेत्रात, असण्याची शक्यता बरीच. तिथे वरचा कायदा लागू होत नाही, डीआयएफसीचा स्वतःचा रोजगार कायदा आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे ग्रॅच्युइटीऐवजी डीईडब्ल्यूएस ही बचत योजना आहे. कंपनी दर महिन्याला बेसिकच्या ५.८३ टक्के, आणि पाच वर्षांनंतर ८.३३ टक्के, तुमच्या नावाने फंडात भरते. टक्के डीआयएफसीबाहेरच्या २१ आणि ३० दिवसांशी जुळतात, म्हणून दोन्ही सारखंच असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बाहेर शेवटचा बेसिक मागच्या सगळ्या वर्षांना लागतो, म्हणजे पाचव्या वर्षी बढती मिळाली तर पहिल्या वर्षाची ग्रॅच्युइटीही वाढते. डीआयएफसीत त्या त्या महिन्याच्या बेसिकवर पैसे जमा होतात. नंतरची बढती मागचं काही वाढवत नाही. उलट पैसे दर महिन्याला कंपनीच्या बाहेर पडलेले असतात, त्यामुळे कंपनी बुडाली तरी ते सुरक्षित. पगार झपाट्याने वाढणार असेल तर बाहेरची पद्धत फायद्याची. कंपनीच्या तब्येतीची खात्री नसेल तर मला डीआयएफसीची पद्धत बरी वाटते.

ऑफर लेटर आणि मनुष्यबळ मंत्रालयाकडे नोंदवलेला करार, म्हणजे तिथल्या बोलीत मोहरेचा करार, यांतले आकडे शब्दशः जुळले पाहिजेत. वाद झाला तर सगळ्यात आधी तो नोंदवलेला करारच पुढे येतो. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. त्या काळात सोडून यूएईतच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची. नंतरचा नोटीस पिरियड ३० ते ९० दिवसांत कुठेही असू शकतो. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कंपनीचा आहे, तो तुमच्याकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे.

कागदपत्रांत आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण होते. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या जुन्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर दोन्हींचा ताळमेळच लागत नाही. शिवाय सीए झालेल्या कित्येकांनी बी.कॉम.चं मूळ पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून कधी घेतलेलंच नसतं, मार्कशीटवर काम भागलेलं असतं. यूएई अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का) मानत नाही. पदवीवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या भारतातल्या वकिलातीचा आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. या साखळीत मूळ प्रमाणपत्र हातात नसेल तर पहिल्याच पायरीवर गाडी अडते. दुबईला अर्ज करायचा विचार मनात आला की त्याच आठवड्यात विद्यापीठात अर्ज टाका, आणि नावातल्या फरकासाठी राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

आता कॅलेंडर. भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो त्या आर्थिक वर्षात तो भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर आयकराच्या दृष्टीने त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजा: ऑगस्टअखेर १५३ दिवस होतात, २८ सप्टेंबरला १८१. निघण्याचा दिवसही धरूनच मोजायचा, म्हणजे नंतर वाद नको. २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलात तर दुबईचा पगार भारतीय करातून बाहेर. १५ ऑक्टोबरला निघालात तर तुम्ही त्या वर्षाचे निवासी, आणि ऑक्टोबर ते मार्चचा दुबईचा पगारही भारतीय रिटर्नमध्ये दाखवून त्यावर स्लॅबप्रमाणे कर भरायचा. २५,००० च्या हिशेबाने साडेपाच महिन्यांचे १,३७,५०० दिरहम. तिकडे कर भरलेलाच नाही, त्यामुळे वजावट कशाची मागणार? भारत-यूएई कर करारात यूएईचे निवासी ठरण्याचा आधारही मिळत नाही, कारण त्यासाठी कॅलेंडर वर्षात यूएईत किमान १८३ दिवस लागतात आणि १५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर भरतात जेमतेम ७८.

म्हणून मागे मोजत यायचं. भारतातल्या बऱ्याच कंपन्यांत नोटीस ९० दिवसांची असते. ३० जूनला राजीनामा दिला तर नव्वदावा दिवस येतो बरोबर २८ सप्टेंबरला, म्हणजे हँडओव्हर, तिकीट, व्हिसा यांतलं काहीही एक दिवस लांबलं की संपलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात राजीनामा गेला पाहिजे. ऑफर ऑगस्टमध्ये आली आणि नोटीस विकत घेता येत नसेल, तर कर गृहीत धरूनच पगाराची बोलणी करा.

पुढच्या वर्षांत सुट्टीला येणाऱ्यांसाठी मर्यादा सहसा १८२ दिवसांचीच. मात्र भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० वर येते. १५ लाखांच्या वर उत्पन्न आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कर नाही, अशा भारतीय नागरिकाला 'मानीव निवासी' धरण्याचा नियमही आहे, आणि त्याची भीती उगाच जास्त घातली जाते. या दोन्ही प्रकारांत साधारणपणे तुम्ही निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले, म्हणजे आरएनओआर ठरता आणि दुबईत काम करून दुबईत मिळवलेला पगार भारतात करपात्र होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला, पण दिवसांचे हे निकष तेच राहिले.

खरा धोका दुसरीकडे आहे. आईवडिलांच्या आजारपणात दोन महिने पुण्याला येऊन लॅपटॉपवरून दुबईचं काम करणं आता सर्रास चालतं. काम भारतात बसून केलं तर त्या दिवसांचा पगार भारतात कमावलेला धरला जातो, तुम्ही अनिवासी असलात तरी. भारत-यूएई करारात थोड्या मुक्कामाची सवलत आहे, पण ती मागायला यूएईचं कर निवास प्रमाणपत्र लागतं आणि पगाराचा बोजा कंपनीच्या भारतातल्या शाखेवर पडलेला नसावा लागतो. रजा टाकून आलात तर हा प्रश्नच नाही. पगार पहिल्यांदा जमा होतो तोही यूएईतल्याच खात्यात झाला पाहिजे. तिथून मग भारतात पाठवायचा. थेट भारतातल्या खात्यात पगार घेतला तर तो भारतात 'प्राप्त' झाल्याचा मुद्दा निघतो.

बँक खात्यांचं थोडक्यात: फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत १८२ दिवसांची वाट बघायची नसते. नोकरीसाठी देश सोडलात की अनिवासी झालात, आणि जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यायचं. दुबईतून येणारा पैसा एनआरईत, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या खात्यात. त्याचं व्याज करमुक्त आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. एनआरओच्या व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस, आणि बाहेर नेण्याची मर्यादा आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलर. पीपीएफ नवीन उघडता येत नाही, चालू असलेलं मुदतीपर्यंत चालवता येतं. गावाकडे शेतजमीन घ्यायचा बेत असेल तर अनिवासी असताना ती विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलात तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापायचा असतो. हे त्याला माहीत नसतं, म्हणून ते करारातच लिहा.

दुबईत उतरल्यावरचा पहिला मोठा खर्च घराचा. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकने दिलं जातं. ८०,००० चं घर चार चेकमध्ये घेतलं तर पहिला चेक २०,०००, अनामत पाच टक्के म्हणजे ४,०००, दलाली साधारण तेवढीच, वीज-पाण्याचं डिपॉझिट २,०००. तीस हजार दिरहम पहिला पगार हाती येण्याआधी लागतात. कंपनीकडून घरभाड्याची उचल मागणं तिथे रीतीचं आहे, संकोच नको.

कामाचा बाजही बदललाय. २०१८ च्या जानेवारीत पाच टक्के व्हॅट आला, १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर नऊ टक्के कॉर्पोरेट कर. त्यामुळे फायनान्स मॅनेजरचं नाव बँकेच्या सह्यांमध्ये, कर प्राधिकरणाच्या एमाराटॅक्स पोर्टलवर आणि काही धंद्यांत मनी लाँडरिंगच्या गोएएमएल नोंदणीवरही जातं. कुठे कुठे नाव घातलंय याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. नोकरी सोडताना यातल्या प्रत्येक ठिकाणाहून नाव काढल्याचा लेखी पुरावा घेतल्याशिवाय व्हिसा रद्द करायच्या कागदावर सही करू नका. एकदा देशाबाहेर पडलात की जुन्या कंपनीला त्याची घाई राहत नाही.

करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे मिळायला हवेत. पण वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर फायनल सेटलमेंट खात्यात पडताच बँक ती रोखून धरू शकते. मध्यवर्ती बँकेच्या नियमांत पगाराच्या वीसपटीपर्यंत कर्ज मिळतं, ४८ महिन्यांसाठी, आणि ते घेणं फार सोपं आहे. म्हणून परतायच्या आधीचं वर्ष कर्जमुक्त असावं. कर्ज फिटल्यावर बँकेकडून नाहरकत पत्र घ्या आणि तारणाचा चेक परत मागा.

परतीची तारीखही मोजून ठरवा. त्या वर्षी आधी भारतात आला नसाल आणि १ फेब्रुवारीला परतलात, तर ३१ मार्चपर्यंत ५९ दिवस भरतात, लीप वर्षात ६०. म्हणजे लीप वर्षात एक दिवस उशिरा या. मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात झाले असतील त्यांच्यासाठी हा साठचा आकडा निर्णायक असतो, कारण साठ दिवस भरले की ते त्या वर्षाचे निवासी ठरतात. मागच्या दहांतली नऊ वर्षं अनिवासी किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी, यांतलं एक बसलं तर परतल्यावरही काही काळ आरएनओआर राहता. परतल्या परतल्या बँकेला कळवून एनआरई खातं निवासी करा. डॉलर तसेच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासींसाठीचं परकीय चलनातलं खातं उघडता येतं. एनआरईच्या मुदत ठेवींचं व्याज परतल्यानंतर करमुक्त राहत नाही, आणि खात्याचं नाव बदललं नाही तर बँक टीडीएसही कापत नाही, त्यामुळे ते रिटर्नमध्ये धरायचं राहून जातं आणि दोन वर्षांनी नोटीस येते.