आज पोलीस स्मृती दिन आणि ओंबळे साहेब

१९५९ ला २१ ऑक्टोबरला लडाखमधी चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले १० पोलीस जवान गेले, तेव्हापासनं हा दिवस पाळतात. आज सकाळी कोल्हापुरात पोलीस ग्राउंडवर मानवंदना बघितली, ड्युटीवर जीव गेलेल्यांची नावं वाचत होते आणि माझ्या डोक्यात मात्र तुकाराम ओंबळे साहेबच. आपल्या शेजारच्या साताऱ्यातलं केडंबे त्यांचं गाव, आधी आर्मीत मग पोलिसात, आणि २००८ ला २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीला हातात नुसती लाठी असताना कसाबची रायफल धरली ती गोळ्या लागल्या तरी सोडली नाही, म्हणून तर तो जिवंत घावला. अशोकचक्र मिळालं, पण मरणोत्तर. अजून अंगावर काटा येतो राव. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन केडंबेला जायचं ठरवलंय, कोण येणार असेल तर सांगा.